भरल्या तलावात हातपंप

मला फक्त एक पिन बदलायची होती.

हे मी आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, तलाव समितीच्या अध्यक्षांना तर दोनदा सांगितलं. कोणाचाच विश्वास बसला नाही. आता तुम्हाला सांगतो, बघा तुमचा बसतो का.

स्कॉटलंडमध्ये चार वर्षं राहून मी जहाजं कशी बांधतात ते शिकलो आणि गोंदिया जिल्ह्यातल्या माझ्या गावी परत आलो. इथून कुठलाही समुद्र पाचशे किलोमीटरच्या आत नाही. (मी नकाशावर पट्टी ठेवून पाहिलं आहे.) लोक विचारतात, काऊन परत आला? मी सांगतो, तलावांसाठी. आमच्या पूर्वजांनी या भागात गावोगावी तलाव बांधले. एवढं पाणी, एवढं आकाश, आणि एकाही तलावावर शीड नाही! हे शेवटचं वाक्य मी नेहमी उभा राहून म्हणतो. (एकदा बसून म्हणून पाहिलं. परिणाम तोच झाला.)

माझी योजना साधी होती. मुंबईच्या एका क्लबाने मोडीत काढलेली दोन माणसांची जुनी शिडाची होडी मी घेतली. तांदूळ पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवर घालून ती गावात आणली. तिच्यावर शाळेतल्या मुलांना शीड शिकवायचं, वारा शिकवायचा, पुढे जिल्ह्याच्या तलावातलं एखादं पोर जगाच्या समुद्रात... असो. तिथपर्यंत अजून कोणीच माझं ऐकून घेतलेलं नाही.

ऐकून घेणार कोण, हाच प्रश्न होता. माझ्या वर्गातली मुलं नागपूर, पुणे, हैदराबादला. गावातल्या तरुण पोरांसाठी मी 'सर', म्हाताऱ्यांसाठी 'ईश्वरदासचा पोरगा'. नुसता हिमांशु म्हणून हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. रोज सकाळी बिरसीच्या वैमानिक शाळेचं छोटं विमान गावावरून एक घिरटी घालून जायचं. मी अंगणातून हात हलवायचो. परत आल्यापासूनच्या आठ महिन्यांत माझं सर्वांत नियमित नातं ते होतं.

तर, पिन.

होडीची डोलकाठी म्हणजे उभा खांब. त्याला छातीच्या उंचीवर एक आडवा दांडा जोडलेला असतो, त्याला बूम म्हणतात. शिडाची खालची कड त्या दांड्याला बांधायची. खांब आणि दांडा यांच्यामध्ये एक सांधा असतो, आणि त्या सांध्याची पिन झिजली होती. मी ती ठोकून काढली. पिनेबरोबर सांधाच निघून आला. सांध्याच्या मागची पट्टी पाहिली तर तिची भोकं लांबट झालेली. पट्टी काढली तेव्हा तारांचे आकडे वाकलेले दिसले. आकडे काढले तेव्हा कप्प्या हातात आल्या. संध्याकाळपर्यंत होडीतलं होडीपण आईच्या दोन पराती आणि एका सुपात मावलं.

"अॅल्युमिनियम होय का हे?" आईने डोलकाठीवर बोट वाजवून विचारलं.

"हो."

"मंग आत घे. भंगारवाला डोळा ठेवून राहिला."

सहा मीटरची डोलकाठी आत घ्यायची म्हणजे ओसरीतून माजघरात आणि माजघरातून थेट चुलीपर्यंत. ती आम्ही दोरीने आढ्याला टांगली, माणसाच्या कपाळाच्या बरोब्बर उंचीवर. त्या दिवसापासून आमच्या घरी येणारा प्रत्येक जण वाकून येऊ लागला. एवढा मान आमच्या घराण्याला कधी मिळाला नव्हता. बाबा मात्र वाकायचं विसरत. आपटले की डोलकाठीकडे पाहत, मग माझ्याकडे पाहत, आणि दोघांत जास्त पोकळ कोण याचा विचार करत पुढे जात.

मी मुंबईच्या दुकानात फोन लावून नवे भाग मागवले.

"डिलिव्हरी कुठे?" पलीकडचा माणूस.

"तालुका गोरेगाव..."

"ईस्ट की वेस्ट?"

"गोंदिया."

"सर, गोंदियाला समुद्र कधी आला?"

"येईल," मी म्हणालो. (तेव्हा मी उभा होतो.)

पार्सल अर्थातच मुंबईच्या गोरेगावला गेलं. तिथल्या कोणा सद्गृहस्थाने सही करून ते ठेवून घेतलं. आज त्याच्याकडे बोटीचा एक अस्सल सांधा आहे आणि समुद्रही आहे. मी त्याला शुभेच्छा देतो.

इकडे तलाव समितीचे अध्यक्ष श्यामलालकाका दारात उभे राहिले. (वाकून.)

"हे पाय बाबू. सोमवारी उन्हाळी धानाले पानी सोडाचं आहे. तुडूम उघडलं का तलाव उतरते. इतवारी डोंगा चालवून दाखव. चालला त राहू दे, पोट्ट्यायले शिकव. नाई चालला त उचलून घरी ने, परत तलावात आनाचा नाई." (तुडूम म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं दार.)

"चालेल काका. चालणारच."

"अन् एकट्यानं जायाचं नाई. दोघं पाहिजे."

"ही होडी दोघांचीच आहे. एकाने शीड सांभाळायचं आणि दुसऱ्याने..."

"ते मले मालूम नाई. एक बुडला त दुसऱ्यानं येऊन सांगाले पाहिजे."

इतवार पाच दिवसांवर होता. माझ्याकडे सांधा नव्हता. खरं सांगायचं तर सांध्याची मला तितकी काळजी नव्हती. दुसरा माणूस नव्हता. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी लिहिलं, 'रविवारी माझ्यासोबत होडीत कोण बसेल?' एकतीस अंगठे आले, दोन नमस्कार आले आणि एकाने वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मोबाइल दुरुस्तीवाल्या रोशनला मी प्रत्यक्ष जाऊन विचारलं.

"अंगठा तू दिला होतास ना?"

"देला ना भाऊ. आपला सपोर्ट आहे."

"मग येतोस?"

"सपोर्ट इथूनच आहे."

शेवटी आई म्हणाली, "मनिरामले बलाव. तो सारंच बसवून देते."

मनिराम आमच्या भागातला हातपंपाचा मिस्त्री. तीस वर्षं त्याने गावोगावचे हातपंप दुरुस्त केले. पंपाच्या आवाजावरून पंप कोणत्या गावचा ते तो सांगत असे. पण घरोघरी नळ आल्यापासून त्याला कोणी बोलावत नव्हतं. निरोप जाताच तो अर्ध्या तासात सायकलवर हजर झाला, पान्यांची पिशवी दांड्याला अडकवून. झिजलेला सांधा त्याने हातात घेतला, उजेडात धरला, फुंकला.

"हे त आपल्या हातपंपाचंच हाड होय."

"तसं नाही मनिरामकाका, हे जरा..."

"दांडा आहे ना?"

"आहे."

"खांबाले जुडते ना?"

"जुडते."

"मंग?"

स्थानिक कारागीर, स्थानिक साहित्य, स्थानिक बुद्धी, यावर मी परदेशात पन्नास पानी निबंध लिहिला होता. त्याला चांगले मार्कही पडले होते.

काम सुरू झालं. दुपारी जेवण करून मनिराम यायचा तो दिवे लागेपर्यंत अंगणात बसायचा. बंद पडलेल्या पंपाच्या मुठीचा आस, बेअरिंग, जाड पट्ट्या. तो कानशीने घासायचा आणि मी बोलायचो. काय काय बोललो! वाऱ्याबद्दल बोललो. स्कॉटलंडच्या हिवाळ्यात दुपारी साडेतीनला अंधार पडतो आणि माणूस बल्बशी बोलायला लागतो, त्याबद्दल बोललो. घरमालकिणीच्या बहिऱ्या कुत्र्याबद्दल बोललो. मनिराम कानस न थांबवता म्हणायचा, "हं."

त्या 'हं'चं वर्णन करणं कठीण आहे. तुम्ही जे बोललात ते एका माणसाच्या आत गेलं आणि तिथे त्याला बसायला जागा मिळाली, असा तो 'हं' होता. आठ महिन्यांत मी तसा ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास, आई चहा घेऊन आली तेव्हा, मला दिसलं.

मनिरामने सांधा तात्पुरता जोडून दांडा हलवून दाखवला. वर, खाली. वर, खाली. लोण्यासारखा. हातपंपाची मूठ वर-खाली जाते, तिला आणखी कुठे जायचं नसतं. पण बूमला वर-खाली तर जायचं असतंच, शिवाय दाराच्या फळीसारखं डावीकडे-उजवीकडेही फिरायचं असतं. वारा ज्या बाजूचा असेल त्याप्रमाणे शीड फिरलं पाहिजे. तेवढ्याच एका गोष्टीला शिडाची होडी म्हणतात. बाकी सगळं लाकूड.

मी चार वर्षं शिकलो होतो. मला ते पहिल्या झटक्यात कळलं.

"कसं?" मनिरामने विचारलं. त्याच्या कपाळावर लोखंडाची पूड चमकत होती.

आता सांगितलं तर काय होईल? तो म्हणेल, मंग हे आपलं काम नोहे बाबू. पिशवी उचलेल, सायकलवर बसेल, आणि उद्या दुपारी अंगणात मी आणि ते विमान.

"वा!" मी म्हणालो. "उत्तम!"

(हा निर्णय तांत्रिक नव्हता, हे मला मान्य आहे.)

तिसऱ्या दिवशी सांधा पक्का झाला. सहा बोल्ट, वर ग्रीस. मी धीर करून विचारलं, "काका, रविवारी माझ्यासोबत याल?"

"येनारच ना. बसवलेला पंप चालू करून देल्याबिगर मी आजपर्यंत घरी नाई गेलो. पयले शंभर हात मिस्त्रीनं मारावं लागते."

याचा अर्थ मी विचारायला हवा होता. पण तो 'येनारच' म्हणाला होता, पुढचं मी ऐकलंच नाही.

इतवारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अर्धं गाव होतं. बाबा एका दगडावर, सगळ्यांपासून थोडे लांब, ओळख दिसू नये अशा बेताने बसले होते. आम्ही होडी पाण्यात लोटली. मनिराम धोतर खोचून पुढे बसला, पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन. वारा मंद आणि छान होता. शीड वर चढलं, पांढरंशुभ्र, आणि पाळीवरच्या सगळ्यांच्या माना वर झाल्या. तो एक क्षण, सांगतो तुम्हाला, त्या क्षणासाठी मी पाचशे किलोमीटर आत येऊन बसलो होतो.

मागच्या वाऱ्याने होडी सरळ तलावाच्या मध्याच्या थोडी पुढे गेली. मग वारा बाजूने आला. शीड बाजूला फिरायला हवं होतं. ते फिरलं नाही. होडीने वाऱ्याकडे तोंड केलं, क्षणभर विचार केला आणि मागच्या मागे चालू लागली. मागे शिंगाड्याच्या वेली होत्या. सुकाणू त्यांच्यात गेलं, वेलींनी ते प्रेमाने धरलं, आणि तलावाच्या ऐन मध्यावर आम्ही थांबलो.

"थांबली?" मनिराम.

"थांबली."

"मंग आता पयले शंभर करून घेतो."

आणि माझ्या हातातला दोर बाजूला सारून त्याने बूमचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि हाणायला सुरुवात केली. वर, खाली. वर, खाली. शीड फडाफडा वाजू लागलं. होडी पुढून बुडायची, मागून उठायची. पाळीवरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल ते मी सांगायला नको. काठोकाठ भरलेल्या तलावात मधोमध बसून एक माणूस हातपंप मारत होता, आणि दुसरा, परदेशात शिकून आलेला, समोर बसून बघत होता.

पाळीवर मोजणी सुरू झाली. "अठरा! एकोनीस! ईस!"

"पानी आलं का गा मनिराम?"

"हान अजून! खोल असन!"

आणि सगळ्यांच्या वर श्यामलालकाकांचा आवाज, "अबे तलाव खाली नका करू बा! सोमवारी धानाले लागते!"

मनिरामने शंभर पुरे केले. मिस्त्री आहे तो. घाम पुसला, सांध्यावर कान ठेवला, समाधानाने मान हलवली. मग शिडाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, दांडा एका बाजूला ढकलून पाहिला. पुन्हा ढकलून पाहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"बाबू, याले आडवंबी जायाचं होतं का?"

"हो."

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"परवा चहाच्या वेळेपासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

पाळीवरचे आवाज कमी होत होते. ज्याच्याकडे डोंगा होता तो रामलाल गोरेगावच्या बाजाराला गेला होता, म्हणजे सुटका संध्याकाळपर्यंत नव्हती. खोटं बोलून जायला जागाही नव्हती, चहूकडे पाणी.

"सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता," मी म्हणालो.

मनिराम माझ्याकडे बघत राहिला. एक पाणकोंबडी वेलींवरून चालत आली, आम्हाला पाहून तिने मान वाकडी केली आणि परत गेली.

"अबे," तो म्हणाला, "मंग चहाले बलवाचं ना. त्याच्यासाठी मानसाले तलावात कायले आनते?"

मग तो पिशवीतला पाना काढून उगाच एक बोल्ट घट्ट करत म्हणाला, "तसं एका दिवसाचंच काम होतं ते."

"काय? मग तीन दिवस?"

"तुही माय चहा चांगला बनवते," मनिराम बोल्टकडे बघत म्हणाला.

रामलाल येईपर्यंत तीन तास गेले. त्या तीन तासांत मनिरामने मला त्याच्या सगळ्या पंपांची नावं सांगितली. एका पंपाचा आवाज त्याने तोंडाने काढून दाखवला, आणि मी "हं" म्हणालो. जमला तसा म्हणालो.

संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर समिती बसली. श्यामलालकाकांनी सरळ विचारलं, "डोंगा चालला का?"

मी उभा राहिलो. वाऱ्याचा कोन, सांध्याची रचना, आणि एकाही तलावावर शीड नाही...

"चालला का?"

"नाही."

"मंग उचल."

तेवढ्यात मागून मनिराम उठला. "एक बोलू का जी? डोंग्याचं जाऊ द्या. या पोट्ट्याले बोलाले मानूस नाई, म्हनून हा डोंगा घेऊन आला. एवढंच आहे ते."

माझे कान इतके तापले की त्यांवर पापड भाजता आले असते. मी माझं सगळं तत्त्वज्ञान आठवून पाहिलं, पूर्वज, तलाव, मुलं, जगाचे समुद्र. ते खरं होतं. आणि मनिराम म्हणाला तेही.

"काय गा ईश्वरदास," श्यामलालकाका बाबांकडे वळले, "घरी बोलत नाई का कोनी त्याच्यासंगं?"

"तोच बोलते, आमी आयकतो," बाबा म्हणाले. "पन आमच्याबी कानाले सुट्टी पाहिजे ना."

आता तलाव समिती कशी चालते ते सांगतो. जी गोष्ट एकट्याने उचलता येत नाही तिची ते पाळी लावतात. पाण्याचं तसंच आहे. ज्याची पाळी, त्याने आपली बांधी, म्हणजे भाताचं खाचर, भरून घ्यायची, आणि भरली की बांधावर उभं राहून पुढच्याला हाक मारायची. पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललं आहे, भांडणं होत नाहीत. श्यामलालकाकांनी वहीचं कोरं पान काढलं आणि ठरवून टाकलं. डोंगा काठाला बांधलेला राहील. रोज पाच वाजता पोरगं त्यात बसेल. त्याच्याशी बोलायला घरटी एक माणूस, अर्धा तास, पाळीपाळीनं.

"माही पाळी मनिरामले द्या," बाबा म्हणाले.

"देऊन टाका," मनिराम लगेच म्हणाला.

सोमवारी तुडूम उघडलं. पाच वाजता मी होडीत जाऊन बसलो. स्वच्छ शर्ट घातला होता. पहिली पाळी प्रेमिलाकाकूंची होती. त्या रोवण्यावरून, म्हणजे भातलावणीवरून, थेट आल्या, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपांची जुडी. समोरच्या फळीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "हं. बोल बाबू."

आठ महिने. आठ महिने मी कोणीतरी समोर बसून 'बोल' म्हणण्याची वाट पाहत होतो. डोक्यात सगळं ओळीने लावून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं.

"रोवणं झालं का काकू?"

"होऊन राहिलं."

"हं."

पाणी तुडुमाकडे सरकत होतं. होडी जागच्या जागी हलली.

"थंडी कमी आहे यंदा," मी म्हणालो.

"हो. कमी आहे."

मी खूप आठवून पाहिलं. वारा, अंधार, बहिरा कुत्रा. सगळे कुठे गेले होते कोण जाणे. काकूंनी एक जांभई दिली, आभाळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"झालं?"

"झालं."

त्या उठल्या, पाळीवर चढल्या आणि दोन्ही हात तोंडाशी धरून गावाच्या दिशेने ओरडल्या, "ए रोशन! याचं झालं गा! ये तू आता!"

लांबून रोशनचा आवाज आला, "एवढ्या लवकर? ईश्वरदासकाकानं त मले डबा बांधून जाजो म्हनून सांगतलं होतं!"